तुझ्या बाजूला कोण धरून आहे

सोमवार, ४ मार्च

ती. आई यांना
सा. न. वि. वि.

एवढा मायना लिहिला आणि पेन अडलं. मायना बरोबर आहे की नाही, ते मला खरंच माहीत नाही. कोर्टाचा कागद हातात आल्यानंतर तुम्हाला काय म्हणायचं, हे त्या कागदात कुठेच लिहिलेलं नव्हतं. 'काकू' म्हणून पाहिलं मनातल्या मनात, तर हसूच आलं. तेव्हा सध्या आहे तेच राहू दे. तुम्हाला खटकलं तर कळवा.

फोन करता आला असता. पण आपले फोन कसे होतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही "जेवलीस का?" विचारता, मी "हो" म्हणते, मग दोघी एकमेकींचा श्वास ऐकत बसतो. कागदावर आपलं बरं जमतं.

मी बरी आहे. खोलीत ऊन चांगलं येतं. ऑफिसात सगळे आपापल्या पडद्यात डोकं खुपसून बसतात, त्यामुळे भांडणं होत नाहीत आणि ओळखीही होत नाहीत.

आता कामाचं. अंधशाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला होता. तुमचं ब्रेल छापायचं यंत्र अजून ठणठणीत आहे म्हणाल्या, पण त्याला चालवणारा जुना कॉम्प्युटर रोज सकाळी रुसून बसतो. पंख्याजवळ टपली मारल्याशिवाय जागा होत नाही, आणि त्याचे सुटे भाग आता कुठे मिळत नाहीत. शाळेने नवा कॉम्प्युटर घेतलाय. मजकुराचे ठिपके करून देणारा नवा प्रोग्रामही पायथन या नव्या भाषेत लिहून घेतलाय. तो दिसायला छान आहे, चालतोही छान, फक्त यंत्राशी कसं बोलायचं ते त्याला ठाऊक नाही. ते ठाऊक आहे तुमच्या सी भाषेतल्या कोडला. शाळा सुरू व्हायच्या आत दोघांची गाठ घालून दिली नाही, तर यंत्र भंगारात जाणार असं विश्वस्तांनी ठरवलंय. मुलांना पुस्तकांऐवजी ध्वनिफिती देणार आहेत. "ऐकायला मिळेल की," असं त्यातले एकजण म्हणाले म्हणे. बाई फोनवरच तडकल्या, "अहो, ऐकून शुद्धलेखन येतं का कुणाला? भूमिती येते?"

मी विचारलं, "हे काम माझ्याकडे कसं आलं?"

तर म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंनाच आधी विचारलं. त्या म्हणाल्या, मी आता नाही करत, माझी सून करेल."

मी काही दुरुस्ती केली नाही. फोन ठेवल्यावर मात्र चहात बराच वेळ चमचा फिरवत बसले. साखर घातलेलीच नव्हती.

तुमचा कोड उघडला. खरं सांगू? आधी वाटलं, इतका जुना आहे, सरळ पुसून सगळं पायथनमध्ये नव्याने लिहावं. मग मधल्या कॉमेंट, तुमच्या त्या टिपा, वाचायला लागले आणि हात मागे घेतला. "इथे हात लावू नये. लावल्यास ज्याचे त्याने निस्तरावे." "ही पिन आळशी आहे, तिला इतरांच्या आधी उठवावे." "हे का चालते ते मला कळलेले नाही. चालते आहे तोवर गप्प बसावे." कागदावर ठिपके उठवणाऱ्या एकेका पिनचा स्वभाव तुम्ही टिपलाय. कोण उशिरा उठते, कोण जोरात आपटते, दमट हवेत कोण अडकून बसते. हे मी नव्याने लिहायचं म्हणजे सगळ्या पिनांशी पुन्हा पहिल्यापासून संसार मांडायचा. तेवढा धीर माझ्यात नाही, हे एव्हाना आपल्या दोघींनाही माहीत आहे.

म्हणून ठरवलं, तुमच्या घराची वीटही हलवायची नाही, फक्त नवीन दार बसवायचं. आत सगळं तुमचं सी राहील. बाहेर मधल्या मध्ये एक पातळ थर माझा. पायथनने "ही ओळ छाप" म्हटलं की माझ्या थराने ते तुमच्या फंक्शनला समजेल अशा आकड्यांत सांगायचं, आणि तिकडून आलेलं उत्तर परत पायथनला समजेलसं करून द्यायचं. दुभाष्याचं काम. आपल्या मनाचं काही घालायचं नाही.

दार बसलं. यंत्र हललं. आणि पहिलंच पान चाळणी होऊन बाहेर आलं! पिना कागद पुढे सरकायची वाटच पाहत नाहीत. तुमच्या कोडमध्ये प्रत्येक ओळीनंतर एक रिकामा लूप आहे, नुसता मोजत राहतो, करत काहीच नाही. वर कॉमेंट आहे, "कागदाला श्वास घेऊ द्यावा." मला संशय त्याचाच येतोय, पण "हात लावू नये" हेही तुम्हीच लिहून ठेवलंय. तेव्हा विचारल्याशिवाय लावत नाही.

वेळ मिळेल तसं कळवा. प्रकृतीला जपा.

आपली
(पुढे काय ते तुम्हीच ठरवा)


रविवार, १७ मार्च

ती. आई,

पत्र मिळालं. मायना खटकला की नाही ते लिहिलं नाहीत, पण पाकिटावर माझ्या नावामागे 'चि.' आहे. मंजूर झाला असं समजते.

अक्षर मोठं काढलंयत या वेळी. ओळीही जरा एकमेकींच्या अंगावर आल्यात. पेन बदललंत वाटतं.

तुमचं बरोबर निघालं. तो लूप तेव्हाच्या संथ कॉम्प्युटरच्या वेगावर बेतलेला होता. नवा कॉम्प्युटर तेवढे आकडे पापणी लवायच्या आत मोजून मोकळा होतो. मोजतो तरी कुठे म्हणा, हा लूप काहीच करत नाहीये हे बघून कोड कॉम्प्युटरच्या भाषेत उतरवणारा नवा कंपायलर तो गाळूनच टाकत होता! तुमच्या सांगण्याप्रमाणे आता घड्याळाला विचारून थांबतो. "घड्याळाला विचारायचं ते मी आकड्यांना विचारलं, तेव्हा यंत्राची तेवढीच ऐपत होती" हे तुमचं वाक्य मी ऑफिसात वाचून दाखवलं. माझ्या शेजारी बसणारा, कधी मान वर न करणारा, चक्क हसला.

पहिलं धड पान घेऊन शाळेतल्या प्रूफवाल्यांकडे गेले. तुमच्या वेळचेच आहेत, आता केस सगळे पांढरे झालेत. खोलीही तीच, बल्ब नसलेली. नव्या छपाईचं पहिलं पान तिथेच वाचायचं आणि दार लावून वाचायचं, हा नियम अजून चालू आहे. डोळसांनी मध्ये तोंड घालू नये म्हणून. मी अंधारात स्टुलावर बसले. त्यांची बोटं कागदावरून सरकल्याचा तेवढा आवाज येत होता.

"चौथ्या ओळीत एक ठिपका हलतोय," म्हणाले, "माझ्या दाढेसारखा. बाकी ठीक." मग विचारलं, "कोणाची तुम्ही?"

मी तुमचं नाव सांगितलं.

"अच्छा! त्या बाई! त्या ब्रेल डोळ्यांनी वाचायच्या. आमच्यात त्याला कॉपी म्हणतात. किती वेळा सांगितलं, डोळे मिटा आणि बोट ठेवा. दोन ओळी झाल्या की चुकार मुलीसारखा एक डोळा उघडायच्या. मला कळायचं."

"कसं कळायचं?"

"वाचायचा वेग एकदम वाढायचा ना!"

आम्ही दोघंही खूप हसलो. तुमची आठवण काढून कुणाबरोबर हसल्याला मला फार दिवस झाले होते.

आता नवं दुखणं. छोटं काही छापलं की सगळं सुरळीत. विज्ञानाचं पुस्तक लावलं की मध्येच कुठेतरी प्रोग्राम मरतो. पिना अर्ध्या बाहेर, कागद आत अडकलेला. एकदा दुसऱ्याच पानावर मेला, एकदा जवळजवळ अर्धं पुस्तक झाल्यावर. चूक रोज एकाच जागी झाली असती तर तिला धरता आलं असतं. ही जागा बदलते. मुख्याध्यापिकाबाई काही बोलत नाहीत, पण काल विश्वस्तांपैकी एकजण यंत्राभोवती फिरून किती किलो भरेल असा अंदाज घेत होते. भंगारवाल्याला शब्द देऊन बसलेत की काय, कोण जाणे.

मरतो तो नेमका ओळ संपल्यावर. तुमचं फंक्शन ओळ छापून झाली की आमच्या बाजूच्या एका फंक्शनला हाक मारतं, "झालं गं, पुढची दे." हाक कोणाला मारायची, त्याचा पत्ता मी सुरुवातीलाच तुमच्या कोडच्या हातात देते. पत्ता बरोबर आहे. तपासला. पुन्हा तपासला. मग माणसं घरात असताना हाकेला ओ का येत नाही?

तुम्ही नवी भाषा शिकलेल्या नाहीत, तरी विचारते. कारण दुसऱ्या कुणाला विचारावंसं वाटत नाही.

आपलीच


शनिवार, ६ एप्रिल

ती. आई,

हे पत्र हाताने लिहिलेलं नाही, मोठ्या टाइपात छापलंय. का, ते पुढे येईल. आधी आनंदाची बातमी ऐका.

तुमच्या पत्रात या वेळी एकच ओळ होती. "तुझ्या बाजूला कोण धरून आहे ते बघ." खाली सही. बस्स. आधी मला वाटलं, रागावलात की काय. मग ती ओळ टेबलावर ठेवून कोडकडे बघत बसले, आणि डोक्यात प्रकाश पडला. मी एवढ्या मोठ्याने "अरे देवा!" म्हणाले की शेजारच्याने महिन्याभरात दुसऱ्यांदा मान वर केली.

तुमच्या सीमध्ये मेमरी आपण मागून घ्यायची आणि काम झालं की आपणच परत करायची. विसरलं तर पसारा, पण आपल्याला न विचारता कुणी काही उचलून नेत नाही. पायथनमध्ये भाषाच झाडलोट करते. एखादी वस्तू कुणीतरी धरून ठेवलेली आहे तोवर ती राहते. शेवटच्या हातानेही सोडली की भाषा ती उचलून फेकते आणि ती जागा दुसऱ्याला देते. मी काय केलं, तर ते ओ देणारं फंक्शन बनवलं, त्याचा पत्ता तुमच्या हातात दिला आणि निर्धास्त झाले. आमच्या बाजूला त्याला कुणीच धरून ठेवलं नव्हतं. तुमचा कोड त्याचा पत्ता सांभाळून होता, पण तुमचं सांभाळणं आमच्या बाजूच्या मोजदादीत धरलंच जात नाही. भाषेला वाटलं, हे कुणाचंच नाही. ती त्याला घेऊन गेली. छोटी पानं असताना ती जागा लगेच दुसऱ्याला जायची नाही, म्हणून चालल्यासारखं वाटायचं. पुस्तक मोठं असलं की तिथे दुसरंच कुणीतरी राहायला आलेलं असायचं. आणि तुम्ही इकडे प्रत्येक ओळीनंतर इमानाने त्याच दारावर हाक मारताय.

दुरुस्ती केवढी, तर एका ओळीची. त्या फंक्शनला एक नाव दिलं आणि छपाई संपेपर्यंत ते नाव धरून ठेवलं. झालं. एवढ्यासाठी माझे इतके दिवस गेले! तुम्ही पायथनचं तोंडही न पाहता ओळखलंत. तुमच्या कोडमध्ये बिघाड नसणार, याची तुम्हाला खात्री होती म्हणून ओळखलंत ना? मला तसंच वाटतंय.

बुधवारी विज्ञानाचं सगळं पुस्तक एका दमात छापून झालं. पिनांचा तो टकटकाट कुठेही न अडखळता चालला होता आणि मुख्याध्यापिकाबाई कॉरिडॉरमध्ये उभ्या राहून नुसत्या ऐकत होत्या. वजनाचा अंदाज घेणारे विश्वस्त आले होते. त्यांनी पान हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. त्यांच्या हातून ते सातवीतल्या एका मुलीने काढून घेतलं आणि तिथल्या तिथे घडाघडा वाचायला लागली. पचनसंस्थेचा धडा होता. जठर, लहान आतडं, मोठं आतडं, सगळं ऐकून होईपर्यंत बिचाऱ्यांना हलता येईना. भंगाराचं पुन्हा कुणी काढलं नाही. यंत्र राहणार आहे आई. बाईंनी तसं लेखी दिलंय.

तुमचे उपकार कसे मानू ते मला येत नाही, म्हणून साधंच लिहिते. मी फार आभारी आहे. या कोडसाठी. त्यातल्या प्रत्येक चिडक्या कॉमेंटसाठी. तुम्ही त्या यंत्रात हे सगळं इतकं नीट करून ठेवलं नसतंत, तर मला जोडायला काही उरलंच नसतं.

आणखी एका गोष्टीसाठी. ती मी कधी बोलले नाही.

मी घर सोडलं त्या दिवशी टेम्पोत सामान चढवताना तुम्ही गॅलरीत उभ्या होतात, खाली आला नाहीत. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी माझ्या नव्या खोलीची बेल वाजली. तुम्ही दारात, हातात पडद्याचा रॉड आणि हातोडी. "समोरच्या खिडकीतून सगळं दिसतं, पडदे नकोत का?" स्टुलावर तुम्ही चढलात, स्टूल मी धरलं. भिंतीत खिळा ठोकता ठोकता, माझ्याकडे न बघता म्हणालात, "तो माझा मुलगा आहे, त्याला मी सोडणार नाही. पण तुला सोड म्हणून मला कोणी सांगितलेलं नाही."

रडू येईल म्हणून मी स्टूलच आणखी घट्ट धरून ठेवलं. तुम्ही ओरडलात, "अगं, हलवू नकोस!" त्यानंतर तुमचे फोन येत राहिले, मी "हो", "ठीक" करत राहिले. तुमच्या बाजूला माझा पत्ता होता. माझ्या बाजूला मीच हात आखडून बसले होते. सोडलं नव्हतं हो. भीती वाटत होती, की धरायला गेले आणि कुणी म्हणालं, आता तुझा काय संबंध, तर?

बरं. आता मोठ्या टाइपाचं.

पेन बदललेलं नव्हतं, आई. मला पहिल्या पत्रातच कळलं होतं. एका ओळीवर दुसरी ओळ तुम्ही कधी लिहिली असतीत का? तुम्ही, ज्यांनी कोडमधल्या मोकळ्या जागासुद्धा मोजून सोडल्या? आणि शेवटच्या पत्रातली ती ओळ कागदाच्या कडेवरून घसरून टेबलावर गेली असणार, शेवटचा 'बघ' अर्धाच आहे. स्वतःच्या हाताने लिहिलेल्या कोडचं काम तुम्ही "माझी सून करेल" म्हणून दुसऱ्याकडे कसं दिलंत, हे मी तेव्हाच स्वतःला विचारायला हवं होतं. मला वाटलं, मोठेपणा देताय. तो तर दिलातच. पण तुम्हाला पडद्यावरचं दिसत नव्हतं.

मुलाला सांगितलं नसणार, तुम्हाला ओळखते मी. तो धावत येईल, डॉक्टर बदलेल, घरभर दिवे लावेल. येऊ दे. लावू दे. त्याला सांगा. मी सांगणार नाही, तुमचं तुम्ही सांगायचं. पण डॉक्टरांकडे जाताना सोबत मी येणार. तिथे "या कोण?" असं विचारलं तर काय सांगायचं ते आपण रिक्षात ठरवू.

प्रूफवाल्यांच्या कानावर मी तुमच्या डोळ्यांचं घातलं. न विचारता घातलं, रागवायचं तर रागवा. त्यांनी हातातलं पान बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "शनिवारी घेऊन या त्यांना. इतक्या वर्षांची कॉपी माफ. आता एक डोळा उघडला तरी माझी हरकत नाही म्हणावं." आणि मग म्हणाले, "त्यांचं यंत्र त्यांनाच कामाला येईल, हे बरं झालं." मला त्या अंधाऱ्या खोलीत रडू आलं. तिथे बल्ब नाही याचं पहिल्यांदाच बरं वाटलं. अर्थात त्यांना कळलंच.

म्हणजे यंत्र वाचवायची धडपड कुणासाठी चालली होती, ते मला आत्ता कळतंय. तुम्हाला बहुतेक आधीपासून ठाऊक होतं.

यापुढचं एक पान शाईत नाही. कुणाकडून वाचून घेऊ नका. दार लावा, डोळे मिटा आणि उजव्या हाताचं पहिलं बोट वरच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवा. अक्षरं तुम्हाला येतात. बोटाला आठवायला वेळ लागेल. लागू दे.


आई,

हळू वाचा.

हे तुमच्याच यंत्रावर छापलंय. आळशी पिनला आधी उठवलं होतं.

पान तपासलेलं आहे. म्हणजे प्रूफवाल्यांनाही आता सगळं माहीत झालंय. होऊ दे.

पुढच्या शनिवारी सकाळी न्यायला येते. तयार राहा.

माझ्या बाजूला मी धरून आहे.

तुमची सून